गोडं पाणी

१ ऑगस्ट २००५, दहिवडी

पंढरपूर गाडी सव्वासातला. पुढं सोलापूर, तिथून कोणार्क एक्स्प्रेस. आण्णांनी ट्रंक डोक्यावरून स्टँडपर्यंत आणली. मला हात लावू दिला नाही. आत दोन पांढरे शर्ट, सतरंजी, आईनं बांधलेले शेंगदाण्याचे लाडू, बारावीचं मार्कशीट. कुलपाच्या दोन चाव्या. त्यातली एक आण्णांनी बंडीच्या खिशात टाकली. कशाला, ते विचारलं नाही.

गाडी लागल्यावर म्हणाले, "पवायला येतं का म्हणून इचारलं तर काय सांगशील?"

"येत नाही म्हणून सांगीन."

"मग ठेवून घेतील?"

नौदलाच्या भरतीत हे कुणी विचारलं नव्हतं. सात मिनिटांत १.६ किलोमीटर पळणं, २० उठाबशा, १० पुशअप, लेखी परीक्षा, मेडिकल. पोहणं कुठंच नव्हतं. आमच्या विहिरीला मी शाळेत असल्यापासून गुडघाभर पाणी. शिकणार कुठं?

४ ऑगस्ट, आयएनएस चिल्का

बालुगावला उतरलो. ट्रकनं आत. झाडी संपली आणि समोर पाणीच पाणी. पोरं ओरडली, समुद्र! ट्रकमधला नौसैनिक म्हणाला, समुद्र नव्हे, सरोवर आहे. चिल्का सरोवर. समुद्राचं पाणी आत येतं, नद्यांचंही येतं. धड खारट नाही, धड गोड नाही.

केस गेले. नंबर मिळाला. इथून पुढं आधी नंबर, मग नाव.

६ ऑगस्ट

जमीन म्हणजे डेक. भिंत म्हणजे बल्कहेड. स्वयंपाकघर गॅली. संडास हेड्स. गेटबाहेर जायचं म्हणजे 'अशोर' जायचं. सगळं जमिनीवरच आहे, तरी शब्द जहाजाचे. पाठ करतोय.

९ ऑगस्ट

दोन्ही टाचांना फोड.

१८ ऑगस्ट

पोहण्याचा तलाव. ज्यांना येतं ते एका बाजूला, येत नाही ते दुसऱ्या बाजूला. आमच्या रांगेत बाडमेर, बीड, बुंदेलखंड, अनंतपूर. पाणी नसलेल्या मुलखातली पोरं आपोआप एका रांगेत आली.

उंच फळीवरून उडी मारायची. खाली इन्स्ट्रक्टर बांबू घेऊन. बांबू मारायला नाही, धरायला. माझी पाळी आली. खाली निळं. पाय सुटेना. मागून कुणी ढकललं नाही. इन्स्ट्रक्टर खालून नुसते बघत राहिले. किती वेळ ते माहीत नाही. उडी मारली. नाकात, घशात पाणी. बांबू हाताला लागला.

वर आल्यावर एकच वाक्य: "उद्या परत."

१२ सप्टेंबर

रगडा. एका पोराच्या लॉकरमध्ये लाडू सापडला. लाडू माझ्या आईचा होता. सगळ्या स्क्वॉडनं मैदानाला चकरा मारल्या. त्या पोरानं नाव सांगितलं नाही. मी पुढं होऊन सांगितलं. अजून दोन चकरा, दोघांना.

५ ऑक्टोबर

तलावाची लांबी पार केली. बाडमेरवाल्यानंही. दोघंही काठ धरून हसत होतो.

१ नोव्हेंबर, दिवाळी

फोनच्या रांगेत दीड तास. गावात वाण्याच्या दुकानात फोन. आईला बोलावून आणायला त्याच्या पोराला पाच मिनिटं लागली, तेवढ्यात माझे पैसे सरत आले. आई म्हणाली, जेवलास का? मी म्हणालो, हो. फोन कटला.

१ डिसेंबर

म्हसवडला या आठवड्यात सिद्धनाथाचा रथ. जन्मल्यापासून पहिल्यांदा चुकतोय. सरोवरावर पक्षी उतरलेत, हजारोंनी. सकाळच्या पीटीला आवाज ऐकू येतो. थंडीत येतात आणि उन्हाळ्याआधी जातात, असं इथला माळी सांगत होता. कुठून कुठं येतात.

ब्रँचची यादी लागली. मला इंजिनीअरिंग. जहाजावर सगळे स्टोकर म्हणतात. कोळसा कधीच गेला, नाव राहिलं. स्क्वॉडमधल्या नांदेडवाल्याला गनरी मिळाली, तो उड्या मारतोय. तोफा डेकवर, उजेडात. आम्ही खाली.

२७ जानेवारी २००६

पासिंग आउट झाली. बँड, पांढरे कपडे, संगिनी. घरून कुणी आलं नाही. तिकिटाचे पैसे पाठवतो म्हणालो होतो, आण्णा नको म्हणाले. मैदान सोडताना शेवटचं पाऊल टाकलं तेव्हा कुणाकडं बघावं कळेना. बाडमेरवाल्याची आई आली होती. तिच्या पाया पडलो.

२ जुलै २००६, लोणावळा

आयएनएस शिवाजी. सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्र कुठंच नाही. १५ फेब्रुवारी १९४५ पासूनचं केंद्र. इंग्रजांच्या नौदलातसुद्धा नाव शिवाजीच होतं. नौदलाचं इंजिन चालवणारा प्रत्येक माणूस या नावाखालून जातो. आण्णांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, आता बरोबर जागी गेलास.

पाऊस थांबतच नाही. आठवडाभर कपडे वाळले नाहीत. गावी टँकर चालू आहे.

१९ ऑगस्ट २००६

पाणी शिरलेल्या खोलीचा सराव. भिंतीत भोकं, फवारे छातीवर. लाकडी पाचरी ठोकायच्या, गादी दाबायची, टेकू लावायचा. पाणी गार. कमरेपर्यंत आलं. हात चालत राहिले. पोहायला शिकलो त्याचा इथं काही उपयोग नाही, इथं पाण्याला बाहेर ठेवायचं.

६ मार्च २००७, मुंबई

लायन गेटमधून आत. पहिलं जहाज. वाफेवर चालणारं. नाव आणि कुठं चाललो ते डायरीत लिहायचं नाही, चीफनी पहिल्याच दिवशी सांगितलं. बरोबर आहे. नाही लिहिणार.

बंक तीन मजली. मला मधला. नाकापासून वरच्या बंकापर्यंत वीतभर जागा.

"ए सातारा!" चीफ हाक मारतात. माण तालुका त्यांना कसा कळणार. सातारा तर सातारा.

११ मार्च

समुद्र.

१२ मार्च

उलट्या. बादली. वॉच सुटत नाही, बादली बरोबर न्यायची.

२१ मार्च, समुद्रात

मिडल वॉच, रात्री बारा ते चार. बॉयलर रूम. दर तासाला रीडिंग. बॉयलरला जाणाऱ्या पाण्यात मीठ किती, त्याचं मीटर खालच्या प्लेटांवर. शिडी उतरायची, पंपामागं वाकून बघायचं. एकचं घेतलं. दोनचं घेतलं. तीनला जहाज जास्त हलत होतं, बादली पायाशी. दोनचाच आकडा तीनच्या रकान्यात लिहिला.

सव्वातीनला पेटी ऑफिसर आले. केरळचे. आवाज कधी चढवत नाहीत. लॉग पाहिलं.

"मीटरवर काय टांगलंय?"

मी गप्प.

"तीनला खाली गेला होतास ना? काय टांगलंय?"

खाली उतरलो. मीटरला कॉटन वेस्टचा बोळा बांधलेला. त्यांनी अडीचला बांधला होता. आणि काटा दोनच्या आकड्यावर नव्हता. चढला होता.

कंडेन्सरची एक नळी गळत होती. वाफ थंड करणारं समुद्राचं पाणी आत झिरपत होतं. खारं पाणी बॉयलरमध्ये गेलं की नळ्यांना आतून मीठ धरतं. मीठ धरलेली नळी लाल होते, फुटते. फुटली असती तर समोर मी आणि माझ्या शेजारी दरभंग्याचा पोरगा. तो गाणं गुणगुणत होता.

रिपोर्ट केला नाही. रगडा नाही. पेन दिलं. "खोडू नको. एक रेघ मार. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वर खरा लिही. बाजूला सही."

सही करताना हात हलत होता. जहाजानं नव्हे.

२२ मार्च

दरभंग्याच्या पोराला सांगितलं. तो काही बोलला नाही. जेवताना त्यानं त्याचा पापड माझ्या ताटात ठेवला.

१४ जून २००८

वॉचकीपिंगचं सर्टिफिकेट. तोंडी परीक्षा तीन तास. प्रत्येक पाइप कुठून निघतो, कुठं जातो, व्हॉल्व्ह कुठला, अंधारात हातानं ओळखायचा. डोळ्यांवर रुमाल बांधून चालवलं. एक व्हॉल्व्ह चुकला. परत पहिल्यापासून. दुसऱ्यांदा बरोबर.

केरळचे पेटी ऑफिसर बदलून गेले. जाताना त्यांची टॉर्च दिली. बॅटरी नवी टाकून.

३० नोव्हेंबर २००८

चार दिवस मुंबई जळत होती आणि आम्ही इथंच. जेट्टीवरून ताजचा धूर दिसत होता. अतिरेकी समुद्रातून आले म्हणतात. आमच्या समुद्रातून.

८ सप्टेंबर २००९, भोपाळ

नाविकातून अधिकारी होण्यासाठीची मुलाखत. पाचवा दिवस. कॉन्फरन्स झाली. उभं राहून चेस्ट नंबर ऐकले. दोन नंबर वाचले. माझा नाही.

गाडीत सरळ झोपलो. इटारसीला जाग आली.

१० सप्टेंबर २००९

इंग्रजीत अडखळलो, हे खरं. दुसरंही खरं आहे: 'तुझ्या जागी दुसऱ्याला का घेऊ नये?' या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. बॉयलर रूममध्ये असा प्रश्न कुणी विचारत नाही. तिथं जागा रिकामी राहिली तर कळतं.

१ ऑगस्ट २०१०

किलिक. लीडिंगचा बिल्ला, एक नांगर. दरभंग्याच्या पोरानं बाहीवर शिवून दिला, त्याचे टाके माझ्यापेक्षा सरळ येतात. दोन पोरं माझ्या हाताखाली. संध्याकाळी त्यांच्यातल्या एकानं मला 'सर' म्हटलं. सर अधिकाऱ्याला म्हणायचं, सांगितलं.

मग रजेवर घरी. गावात सगळे विचारतात, मिल्ट्रीत ना? कुठल्या पलटणीत? काहींना वाटतं मर्चंट, डॉलरमध्ये पगार. आई म्हणते, बोटीत हाय. ट्रंकेची चावी भिंतीला खुंटीवर लटकलेली दिसली. आण्णांनी दोरा बांधलाय तिला.

२ मे २०११

लग्न. नऊ दिवसांची रजा उरली.

४ मार्च २०१३, समुद्रात

आता इव्हॅपोरेटर माझ्याकडं. समुद्राचं पाणी उकळायचं, वाफ धरायची, थंड करायची. मीठ मागं राहतं, पाणी पुढं जातं. बॉयलरचं पाणी, पिण्याचं, डाळीचं, दाढीचं, सगळं यातून. जास्त पोरांनी जास्त अंघोळ केली की बॉयलरचा साठा उतरतो. मग नळ बंद करायचा हुकूम मला बजावावा लागतो. साबण लावलेली पोरं शिव्या देतात. द्यायच्याच.

दर तासाला प्लँटचं पाणी चाखतो. मीटर आहे, तरी चाखतो.

१९ मार्च २०१३, मुंबई

घरी फोन. यंदा फार वाईट आहे. माणगंगेच्या पात्रात खड्डे खणून झाले. बैलं म्हसवडच्या चारा छावणीत. आण्णा त्यांच्यापाशीच मुक्कामाला. टँकर चार दिवसांनी, घरटी दोन घागरी.

आईला सांगितलं की मी समुद्राचं पाणी गोड करतो. बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "मशिनीनं?"

"मशीननं."

"आन् ते प्यायला चालतंय?"

"मीच पितो की."

"मग लेकरा, आपल्याकडं का न्हाई आणत कुणी?"

डिझेल किती लागतं, वाफ किती लागते, समुद्र आपल्यापासून किती लांब. सांगायला लागलो. सांगून झालं. ती म्हणाली, व्हय. बरोबर हाय तुजं.

रात्री झोप नाही. खाली गेलो, माझा वॉच नव्हता. प्लँटच्या एका ग्लँडमधून थेंब थेंब गळत होतं. मिनिटाला वीसेक थेंब. पॅकिंग बदललं. पहाटे चार वाजले.

२७ जून २०१३

पाऊस पडला. आण्णा बैलं घेऊन घरी आले. एक बैल कमी.

१ ऑगस्ट २०१५

पेटी ऑफिसर. दोन नांगर, वर सिंह. आईनं फोनवर विचारलं, पेटी म्हंजे कसली? तुज्या ट्रंकेवानी? म्हणालो, हाताखालच्या पोरांची जबाबदारी. म्हणाली, मग पोरं म्हणायचं, पेटी कशाला.

जेवायची मेस बदलली. जुन्या मेसमधून ताट-वाटी उचलून वरच्या मेसमध्ये नेली. दहा पावलं. खालून हसण्याचा आवाज येत होता. मी आलो की आता ते थोडं कमी होतं. झालंच पाहिजे, पण कान तिकडंच.

९ फेब्रुवारी २०१७

एका पोराला दारू पिऊन आल्याबद्दल डिफॉल्टर केलं. नियमानं बरोबर. त्याच्या वडिलांचा ऊस कारखान्यानं अजून नेला नव्हता, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. आधी कळलं असतं तरी रिपोर्ट केलाच असता. पण आधी विचारायला हवं होतं.

यापुढं आधी विचारायचं.

२४ नोव्हेंबर २०१९, गाव

पंधरा वर्षांचा करार पुढच्या जुलैत संपतो. पेन्शन बसते. राहायचं तर मुदतवाढीवर सही. बाहेर माजी सैनिकांच्या कोट्यात बँक आहे, रिफायनरी आहे. आधीच्या बॅचचा एक जण बाहेर पडला, बँकेत लागला, रोज संध्याकाळी घरी जेवतो. तो हे वाक्य फोनवर दोनदा म्हणाला.

बायकोला विचारलं. आठ वर्षांत चार घरं तिनं मांडून सोडली. मानखुर्दच्या क्वार्टरमध्ये गॅस सिलिंडर एकटीनं जिना चढवलाय, पोटुशी असताना. ती म्हणाली, "तुम्हाला बाहेर काय करायचंय ते सांगा आधी." सांगता आलं नाही. "मग सही करा. पण पोरीची शाळा आता बदलायची नाही. मी मुंबईत राहीन, तुम्हाला पाठवतील तिकडं तुम्ही जा."

संध्याकाळी आण्णा: "केली का सही?"

"परत गेलो की करीन."

त्यांनी खुंटीवरची चावी काढली, बंडीनं पुसली, परत खुंटीला अडकवली.

१२ एप्रिल २०२०

कोरोना. जहाजावर बंद. कुणी आत नाही, कुणी बाहेर नाही. मास्क लावून इंजिन रूम. पोरांची आईवडिलांशी बोलायची पाळी ठरवून दिली, प्रत्येकाला दहा मिनिटं. माझी पाळी शेवटी ठेवली.

२ नोव्हेंबर २०२०

चीफ. पीक कॅप. आरशात आण्णांसारखा दिसलो.

१७ मे २०२१, समुद्रात

तौक्ते चक्रीवादळ. मुंबईत सगळं आत पळत होतं, आम्ही बाहेर. मुंबई हायजवळ बार्ज सुटलंय, पी-३०५. २६१ माणसं.

आता वाफ नाही, गॅस टर्बाइन. कंट्रोल रूममध्ये पॅनेलसमोर. बसलेला माणूस पट्ट्यानं बांधलेला. जहाज एका कुशीवर जातं, थांबतं, मग विचार करून परत येतं. पोरांचे चेहरे पांढरे. बादल्या. त्यांना बादल्या मीच दिल्या.

१८ मे, पहाट

वर काय चाललंय ते इथं दिसत नाही. फक्त हुकूम येतात. वेग कमी. थांब. मागं, अगदी सावकाश. थांब. थांब म्हणजे वर कुणीतरी जाळीला लटकलंय. पुढं, सावकाश, म्हणजे आणखी एक दिवा दिसला. लाइफ जॅकेटचे दिवे एवढे बारीक. रात्रभर हेच. एक हुकूम दोन सेकंद उशिरा पोचला तर जहाज माणसाच्या अंगावर जाईल, हे प्रत्येकाला माहीत होतं. कुणी बोललं नाही.

सकाळी सातला वर गेलो, पाच मिनिटं. डेकवर माणसं घोंगड्यांत. हातांची कातडी पांढरी, सुरकुतलेली. अंगाला डिझेलचा वास. एकानं पाणी मागितलं. ग्लास हातात धरवेना, मी धरला. त्यानं घोट घेतला, थांबला, पुन्हा घेतला. रात्रभर खारं पाणी गिळलेलं. "मीठा है," म्हणाला.

सगळे मिळाले नाहीत. कापडात गुंडाळलेलेही होते. त्यांच्याकडं पाहिलं. पाहायला हवं होतं.

खाली गेलो. प्लँट पाहिला.

२१ मे २०२१

घरी. बायकोनं काही विचारलं नाही. पोरगी म्हणाली, बाबा, तुम्ही किती जणांना बाहेर काढलं? म्हणालो, मी खाली होतो. मी इंजिन बघत होतो.

२८ मे २०२२, मुंबई डॉकयार्ड

गोमती आज निवृत्त. १९८८ पासून ३४ वर्षं. वाफेवरची. सूर्यास्ताला ध्वज उतरला, मग डिकमिशनिंगचा लांब पेनंट. जुने स्टोकर आले होते, काही काठी घेऊन. बॉयलरचे पाइप हातानं ओळखणारी माणसं. आता शिकवायला बॉयलरही कमी होत चाललेत.

गर्दीत केरळचे पेटी ऑफिसर भेटले. केस सगळे पांढरे. माझी कॅप पाहिली, खांद्यावर हात ठेवला. टॉर्च अजून आहे म्हणालो. त्यांना आठवली नाही.

२८ मार्च २०२३

चिल्काला अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीची पासिंग आउट. सूर्यास्तानंतर, दिव्यांच्या उजेडात. मोबाइलवर पाहिली. नाविकांत पहिल्यांदाच मुली. पोरगी मांडीवर येऊन बसली, एवढी मोठी झाली तरी. "बाबा, पोहता आलं पाहिजे का?"

"नंतर शिकवतात."

"मला येतं," म्हणाली.

येतं तिला. मानखुर्दला राहून शिकली.

३ नोव्हेंबर २०२३

चार अग्निवीर आमच्या डिपार्टमेंटला. करार चार वर्षांचा. शंभरात जास्तीत जास्त पंचवीस पुढं राहणार. मला पंधरा वर्षं मिळाली आणि अजून शिकतोय. यांना चार वर्षांत व्हॉल्व्ह अंधारात ओळखायला शिकवायचा, आणि त्यातले तीन घरी जाणार. घरी गेल्यावर त्या व्हॉल्व्हचं काय करतील? हे मी डिव्हिजनल ऑफिसरांना विचारलं. त्यांनी ऐकून घेतलं. शिकवायचं तर पूर्णच, राहणारा कोण ते आज कुठं माहीत आहे.

एक बाडमेरचा. पोहायला चिल्काला शिकलो म्हणाला.

४ डिसेंबर २०२३

नौदल दिन यंदा मालवणला. पंतप्रधान सिंधुदुर्गात बोलले, हुद्द्यांना आता भारतीय परंपरेतली नावं देणार. आईला फोन केला. पेटी जाणार आता, म्हणालो. तिला लगेच आठवलं. म्हणाली, "बरं झालं. आन् तू रथाला का येत न्हाईस?"

१६ डिसेंबर २०२३, समुद्रात

मिडल वॉच. बाडमेरचा अग्निवीर आरओ प्लँटवर. आता वाफ नाही, पडद्यातून दाबानं पाणी काढतात. मीठ तसंच मागं राहतं.

मी अडीचला गेज-बोर्डाला कॉटन वेस्ट बांधून आलो होतो. तीन दहाला लॉग पाहिलं. तीनच्या रकान्यात आकडा. त्यावर एक रेघ. वर दुसरा आकडा. बाजूला सही. पहिला आकडा वाचता येत होता.

विचारलं, हे काय?

"वर बसून दोनचाच लिहिला होता, चीफ. मग खाली जाऊन आलो. बोळा होता, काढून बिनमध्ये टाकला. कुणी विसरलं असेल."

कुणी सांगितलं होतं रेघ मारायला?

"लोणावळ्याला."

पाणी चाखलं. ठीक. चारला वॉच बदलला. लॉगवर सही केली.